शास्त्रातली बाई आणि पडद्यावरची बाई

मैत्रिणींनो, आधी तीन सोप्या प्रश्नांची उत्तरं द्या बघू. एदेन बागेत हव्वेनं कोणतं फळ खाल्लं? तान्ह्या येशूला पाहायला पूर्वेकडून किती ज्ञानी पुरुष आले? आणि येशूच्या शिष्यपरिवारातली मरीया मग्दालीया ही आधी कोण होती?

सफरचंद, तीन आणि वेश्या! तुमच्यापैकी बहुतेकींच्या तोंडी हीच उत्तरं आली असतील. गंमत अशी, की यातलं एकही बायबलात नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात नुसतं ‘फळ’ म्हटलेलं आहे, कशाचं ते सांगितलेलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आहेत. त्या आणणारी माणसं दोन होती की दहा, याचा पत्ता नाही. आणि मरीया मग्दालीयेबद्दल तर जे आपण धरून चालतो त्याला आधार देणारी एक ओळही चारही शुभवर्तमानांत सापडत नाही.

मग ही उत्तरं आपल्यापर्यंत आली कुठून? काही जुन्या चित्रांतून, काही प्रवचनांतून, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत सगळ्यांत जास्त आली ती सिनेमातून. यात नवल वाटायला नको. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? सीतेनं ओलांडलेली लक्ष्मणरेषा आपल्याला इतकी पाठ, की ती वाल्मीकींच्या रामायणात नाही म्हटलं तर घरातली वडीलधारी माणसं आपल्यालाच वेड्यात काढतील. पण नाही ती तिथे. मागाहून आली आणि घट्ट बसली.

वसई, नगर, जालना भागातल्या आपल्या ख्रिस्ती भगिनींना बायबलच्या गोष्टी लहानपणापासून ठाऊक असतात. बाकीच्या आपण मात्र त्या ओळखतो त्या मोठ्या पडद्यावरून किंवा घरातल्या टीव्हीवरून. म्हणूनच आज जरा शांतपणे बसून बघू या, की ग्रंथात काय आहे आणि सिनेमावाल्यांनी काय केलं. आपण बायका आहोत, तेव्हा विशेष करून बायकांचं काय केलं तेच बघू. कारण खरी खोच तिथेच आहे.

आपल्या सिनेमाचं मूळही तिथलंच

तसा आपला या सिनेमांशी जुना ऋणानुबंध आहे. १९१०-११ च्या सुमाराला दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो खेळ नेऊन दाखवला. त्याच ध्यासातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला आणि हिंदी-मराठी सिनेमाची सगळी गंगा तिथून वाहू लागली. म्हणजे धर्मकथा पडद्यावर आणायची ही हौस जगभर सारखीच, आणि ती आणताना पदरचं घालायची सवयही सारखीच!

पदरचं घालणं हा काही गुन्हा नव्हे हो. अडचण खरीच असते. बायबलमधले प्रसंग फार थोडक्यात सांगितलेले आहेत. माणूस दिसतो कसा, त्याच्या मनात काय चाललं होतं, नवराबायको घरात काय बोलली, यातलं काहीच तिथे सहसा नसतं. चार ओळींत जन्म, दोन ओळींत लग्न. आता साडेतीन तासांचा सिनेमा काढायचा तर मधल्या जागा भरायला हव्यातच. आपले कीर्तनकार तेच करतात, ज्यू धर्मगुरूंनीही शतकानुशतकं आपल्या कथा-भाष्यांतून तेच केलं. प्रश्न एवढाच, की जागा भरताना कुणाला काय दिलं आणि कुणाकडून काय काढून घेतलं.

गाळलेली तीस वर्षं आणि एक नवी राजकन्या

सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. सेसिल डिमिल या दिग्दर्शकाचा १९५६ सालचा ‘द टेन कमांडमेंट्स’. चार्ल्टन हेस्टन झाला होता मोशे आणि युल ब्रायनर फारो. चित्रपट सुरू होण्याआधी डिमिल स्वतः पडद्यापुढे येऊन सांगतो, की पवित्र शास्त्रानं मोशेच्या आयुष्यातली सुमारे तीस वर्षं गाळलेली आहेत आणि ती आम्ही जुन्या इतिहासकारांच्या आधारे भरली आहेत. हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. या इतिहासकारांखेरीज त्यानं एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत लिहिलेल्या कादंबऱ्यांचाही आधार घेतला होता.

आता फरक बघा. निर्गमाच्या पुस्तकात फारोला नावच नाही. सिनेमात तो रामसेस आहे. पुस्तकात मोशे फारोपुढे उभा राहतो तेव्हा त्याचं वय ऐंशी वर्षांचं आहे आणि जीभ जड, म्हणून त्याच्या वतीनं त्याचा भाऊ अहरोन बोलतो. सिनेमातला मोशे धिप्पाड, आणि त्याच्या आवाजानं राजवाडा दणाणतो. पुस्तकात समुद्र दुभंगतो तो रात्रभर वाहणाऱ्या पूर्वेच्या जोरदार वाऱ्यानं. सिनेमात हात वर केला की क्षणात पाण्याच्या भिंती! (मोठमोठ्या टाक्यांतून पाणी ओतायचं, त्याचं चित्रण करायचं आणि ती फिल्म उलटी फिरवायची, अशी ती करामत होती.)

हे फरक तसे निरुपद्रवी. पण मोशेवर जीव टाकणारी ती नेफ्रेतीरी आठवते? ॲन बॅक्स्टरनं केलेली, नटूनथटून गच्चीवर वाट पाहणारी? निर्गमाच्या पुस्तकात ती नाहीच. मोशेचं असं कुठलंही प्रेमप्रकरण तिथे नाही. रामसेस राजाला नेफरतारी नावाची राणी खरोखर होती, तेवढा धागा घेऊन बाकी सगळं रचलेलं.

आणि नुसतं रचलेलं असतं तरी चाललं असतं. पण या राणीवर सिनेमानं केवढा बोजा टाकला आहे पाहा. बायबलमध्ये फारोचं मन कठोर होतं ते एकदा त्याच्या स्वतःच्या हट्टानं, तर एकदा देवाच्या इच्छेनं. हजारो वर्षं विद्वान लोक यावर वाद घालत आले आहेत. सिनेमात मात्र सोपं उत्तर आहे: बायको टोचते, म्हणून नवरा हट्टाला पेटतो. मोशेनं झिडकारलेली राणी राजाला डिवचत राहते, आणि मुलगा गेल्यावर त्याला पाठलागावर पाठवते तीही तीच. एका राज्यकर्त्याच्या हट्टाचं पाप बघता बघता त्याच्या बायकोच्या खाती जमा झालं. ओळखीचं वाटतं ना हे? आपल्याकडे घर फुटलं की आधी सुनेकडे बोट जातं, तसंच.

हरवलेल्या पाचजणी

त्याहून मोठी हळहळ वाटते ती गाळलेल्या बायकांची. निर्गमाच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय एकदा वाचाच. उगीच नाही म्हणत मी. मोशे मोठा होऊन काही करण्याआधी तो जगला कसा, याची ही गोष्ट आहे, आणि ती सगळी बायकांनी घडवलेली आहे.

फारोचा हुकूम सुटतो, की इब्री बायकांना मुलगा झाला तर जन्मतःच मारा. हा हुकूम ज्यांना दिला त्या दोघी सुइणी. शिप्रा आणि पुआ त्यांची नावं. लक्षात घ्या, फारोला नाव नाही, पण सुइणींना आहे! त्या हुकूम पाळत नाहीत. राजानं जाब विचारला तेव्हा सांगतात, की महाराज, या इब्री बायका भारी काटक, आम्ही पोचायच्या आतच मोकळ्या होतात. बाळंतपणाच्या खोलीत पुरुषाला काय कळतंय, हे पुरतं ओळखून दिलेलं उत्तर!

मग मोशेची आई योखेबेद. तीन महिने ती बाळ लपवते. पुढे लपवणं अशक्य होतं तेव्हा लव्हाळ्याची टोपली घेऊन तिला डांबर आणि राळ लावते, म्हणजे पाणी आत शिरू नये, आणि ती नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवते. बाळाची बहीण लांबून लक्ष ठेवून असते. फारोची मुलगी आंघोळीला येते, टोपली बघते, रडणारं मूल बघून तिला कळवळा येतो. मूल इब्र्यांचं आहे हे तिला तत्क्षणी कळतं, तरी बापाचा हुकूम मोडून ती ते उचलते. तेवढ्यात ती चुणचुणीत बहीण पुढे होते आणि विचारते, की पाजायला एखादी दाई आणू का? आणि आणते कुणाला, तर बाळाच्या सख्ख्या आईला! राजकन्या तिला पगार ठरवून देते. म्हणजे ज्या राजवाड्यातून मुलाला मारायचा हुकूम निघाला, त्याच राजवाड्याच्या पैशांवर आई आपलंच मूल उजळ माथ्यानं अंगावर पाजते!

सांगा मैत्रिणींनो, याहून झकास प्रसंग कुठल्या पटकथाकाराला सुचला असता? पण १९५६ च्या सिनेमात तो नाही. तिथे मोशे मोठा झाल्यावर एका म्हातारीला दगडाखाली सापडता सापडता वाचवतो आणि ती त्याची आई आहे हे त्याला ठाऊकही नसतं. १९९८ साली आलेला ‘द प्रिन्स ऑफ ईजिप्त’ हा व्यंगचित्रपट तर मुलांचा फार आवडता. गाणी सुंदर, चित्रं सुंदर. सुरुवातीलाच कलेसाठी घेतलेल्या सवलतीची पाटीही दाखवली आहे. पण त्यातही सुइणी नाहीत आणि दाईचा प्रसंगही नाही. टोपली उचलते ती राजकन्या नव्हे, राणी. कारण मोशे आणि रामसेस भाऊ-भाऊ म्हणून वाढलेले दाखवायचे होते. दोन भावांची गोष्ट हवी होती, तेव्हा पाच बायकांची गोष्ट मागे पडली.

एक चांगली भरही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १९५६ च्या सिनेमात त्या राजकन्येला बिथिया हे नाव दिलं आहे. ते इतिहासाच्या पुस्तकात एका फारोकन्येचं म्हणून येतं. शेवटी ती राजवाडा सोडून आपल्या मानसपुत्राबरोबर निघते. निर्गमात हे नाही. पण पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या मुलामागे जाणारी आई मूळ कथेच्या स्वभावाला धरून आहे. अशी भर खटकत नाही.

कोकराचा काय दोष?

आता जरा अवघड गोष्टीकडे वळू. दावीद राजा आणि बथशेबा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात ही कथा आहे. सैन्य लढाईवर गेलंय आणि राजा घरी राहिला आहे. संध्याकाळी तो गच्चीवर फिरताना त्याला आंघोळ करणारी एक बाई दिसते. तो चौकशी करतो. उरीया नावाच्या सैनिकाची ती बायको, हे कळल्यावरही तो माणसं पाठवतो आणि तिला आणवतो. तिला दिवस जातात. मग राजा उरीयाला घरी बोलावून प्रकरण झाकू पाहतो. ते जमत नाही तेव्हा त्याला लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत पुढे ठेवायची चिठ्ठी लिहितो, आणि ती चिठ्ठी न्यायला देतो कुणाच्या हाती, तर उरीयाच्याच. उरीया मारला जातो. बथशेबा शोक करते, आणि राजा तिच्याशी लग्न करतो.

या सगळ्यात बथशेबाच्या मनात काय होतं, याबद्दल ग्रंथ चकार शब्द काढत नाही. गच्चीवर कोण होतं? राजा. ती कुठे आंघोळ करत होती हेदेखील सांगितलेलं नाही. आणि राजानं बोलावलं तर ‘नाही’ म्हणायची सोय त्या काळच्या एका सैनिकाच्या बायकोला होती का, हे तुम्हीच ठरवा.

१९५१ साली यावर ‘डेव्हिड अँड बॅथशिबा’ हा सिनेमा निघाला. ग्रेगरी पेक दावीद झाला आणि सुझन हेवर्ड बथशेबा. त्यात ही बाई राजाला आपल्या तोंडानं सांगते, की तुम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर येता हे मी पाहून ठेवलं होतं, तुमच्या नजरेस पडावं हीच माझी इच्छा होती! शिवाय तिचा नवरा असा रंगवला आहे, की त्याला तलवारीपुढे बायकोची किंमत नाही. झालं! राजाच्या अंगावरचं किटाळ निम्मंअधिक धुऊन निघालं. मला वाटतं, नायक ग्रेगरी पेकसारखा देखणा आणि सज्जन चेहऱ्याचा असल्यावर त्यानं दुसऱ्याची बायको उचलून आणली हे प्रेक्षकांच्या घशाखाली कसं उतरावं, अशी पंचाईत पडली असणार. मग बाईनंच जाळं टाकलं म्हणायचं, म्हणजे सगळं सोपं होतं.

शास्त्रानं मात्र राजाला असं सोडलेलं नाही. पुढच्याच अध्यायात नाथान नावाचा संदेष्टा दरबारात येऊन गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं होती. एका गरिबाकडे एकच कोकरू होतं. त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या कुशीत निजायचं, लेकीसारखं वाढलेलं. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्यानं आपलं एकही मेंढरू न कापता गरिबाचं कोकरू ओढून नेलं. ऐकून दावीद संतापतो, आणि नाथान त्याला तोंडावर सांगतो, की तो माणूस तूच आहेस.

या गोष्टीत बथशेबा कोण? ते कोकरू! कोकराकडे काय दोष असायचा? हजारो वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला जे स्वच्छ दिसलं, ते १९५१ साली गढूळ केलं गेलं. आणि आजही एखाद्या मुलीची छेड काढली गेली की ‘ती तिथे गेलीच कशाला, तिनं घातलं होतं काय’ असं आपणच विचारतो ना? तेव्हा नाथानाचं कोकरू आठवावं.

पश्चात्तापाची दलीला आणि पुण्यवान सलोमी

कधी कधी उलटंही होतं. वाईट बाईला सिनेमा चांगली करून टाकतो, कारण ती भूमिका मोठ्या नटीकडे असते!

शमशोनाची शक्ती केसांत असल्याचं गुपित पैसे घेऊन फोडणारी दलीला तुम्हाला ठाऊक असेल. शास्ते या पुस्तकात पलिष्टी सरदार तिला प्रत्येकी अकराशे रुप्याची नाणी देऊ करतात. ती शमशोनाला मांडीवर निजवते आणि एका माणसाला बोलावून त्याच्याकडून केस कापवून घेते. चित्रांत कात्री पुष्कळदा तिच्याच हाती दिसते हा भाग वेगळा. त्यानंतर ग्रंथात तिचा उल्लेखच नाही. १९४९ च्या ‘सॅम्सन अँड डिलायला’त मात्र हेडी लामारची दलीला ही शमशोनाच्या पहिल्या बायकोची धाकटी बहीण आहे. मत्सरापायी तिनं हे केलं, मग तिला पश्चात्ताप होतो, आंधळ्या शमशोनाला ती स्वतः मंदिराच्या खांबांपाशी नेते आणि त्याच्याबरोबर मरते. मूळ कथेत त्याचा हात धरून नेणारा एक पोरगा आहे. त्या पोराचं काम नायिकेला मिळालं!

१९५३ च्या ‘सलोमी’त तर कमालच आहे. शुभवर्तमानांत हेरोद राजाच्या वाढदिवशी राणी हेरोदियाची मुलगी नाचते, राजा खूश होऊन काय हवं ते माग म्हणतो, आणि आईच्या सांगण्यावरून ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागते. त्या मुलीचं नावही तिथे नाही. ते जोसेफस या इतिहासकाराच्या लिखाणातून येतं. सात ओढण्यांचा तो नाच ऑस्कर वाइल्डच्या नाटकातून प्रसिद्ध झाला. सिनेमात रीटा हेवर्थची सलोमी नाचते, पण योहानाचा जीव वाचावा म्हणून! मूळ कथा साफ उलटी फिरवलेली.

दलीला काय, सलोमी काय, नेफ्रेतीरी काय, सगळ्यांच्या मुळाशी सिनेमा एकच कारण ठेवतो: प्रेम, नाहीतर मत्सर. ग्रंथातल्या बायका पैशासाठी, सूडासाठी, देवाच्या भीतीनं, पोटच्या पोरासाठी, नाना कारणांनी काही ना काही करत असतात. पडद्यावरच्या बायका बहुतेक वेळा प्रेमातच पडतात.

एका नावाची चौदाशे वर्षं

आता सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मरीया मग्दालीया.

लूक सांगतो, की येशूनं तिच्यातून सात भुतं काढली, म्हणजे तिला मोठ्या दुखण्यातून बरं केलं. ती, योहान्ना, सुसान्ना आणि इतर काही बायका येशूबरोबर गावोगाव फिरत आणि स्वतःच्या पैशांतून त्या सर्वांचा खर्च चालवत. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा शिष्य पांगले, पण ती तिथे उभी होती. पुरलं ती जागा तिनं पाहून ठेवली. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर येशू पहिल्यांदा दिसतो तो तिलाच. आधी तिला तो माळीच वाटतो. तो नावानं हाक मारतो तेव्हा तिला ओळख पटते. ही बातमी शिष्यांना सांगायला तीच धावते. लूक तर प्रांजळपणे लिहितो, की बायकांचं ते बोलणं पुरुषांना वायफळ बडबड वाटलं!

यात वेश्या कुठे आली? लूकाच्याच पुस्तकात आदल्या अध्यायात एक पापी म्हटलेली स्त्री आसवांनी येशूचे पाय धुते. तिला नाव नाही. बेथानीची मरीया सुगंधी तेल लावते; ती वेगळी. योहानाच्या पुस्तकात व्यभिचारात धरलेली बाई आहे. तिलाही नाव नाही. सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिघींची एकच बाई करून टाकली, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तेच रूढ झालं. पूर्वेकडच्या चर्चनं त्या कायम निरनिराळ्या मानल्या.

सिनेमानं ही आयती गोष्ट दोन्ही हातांनी उचलली. १९२७ च्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ची सुरुवातच मग्दालीयेच्या विलासी महालात होते, आणि झेब्रे जोडलेल्या रथातून ती येशूकडे निघते! झेब्रे! १९७७ च्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ या गाजलेल्या मालिकेत ॲन बॅंक्रॉफ्टनं ती वेश्या म्हणूनच रंगवली. १९८८ च्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’मध्येही तेच. २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये व्यभिचारात धरलेली ती बाई म्हणजे मग्दालीयाच, असं दाखवलं.

तुम्ही म्हणाल, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची बाई, तिला काय फरक पडतो? तिला नसेल पडत, पण तिच्या नावाखाली इतर बायकांना पडला. आयर्लंडमध्ये मग्दालीयेच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, जोगिणींनी चालवलेल्या कपडे धुण्याच्या संस्था होत्या. ‘वाट चुकलेल्या’ बायका म्हणून कुणाकुणाला तिथे ठेवत? कुमारी माता, अनाथ मुली, घरच्यांनाच नकोशा झालेल्या पोरी. बिनपगारी, दाराला कुलूप. शेवटची संस्था १९९६ साली बंद झाली. सरकारी अहवालानुसार १९२२ पासून सुमारे दहा हजार बायका तिथून गेल्या होत्या, आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत त्यांची माफी मागितली. या संस्था सिनेमाच्या जन्माआधीपासूनच्या, तेव्हा हे पाप सिनेमाच्या माथी मारता येणार नाही. पण ‘मग्दालीया’ म्हणजे पतित बाई हा अर्थ पडद्यावर पुन्हा पुन्हा गिरवला गेला, तो याच काळात.

चर्चनं मात्र हळूहळू दुरुस्ती केली. १९६९ साली रोमन कॅथलिक पंचांग सुधारलं तेव्हा तिला त्या इतर बायकांपासून वेगळं काढलं. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै हा तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा केला. आणि २०१८ साली ‘मेरी मॅग्डलीन’ नावाचा सिनेमा आला. त्यात ती वेश्या नाही, मासेमारीच्या गावातली, लग्न नाकारून येशूमागे निघालेली मुलगी आहे. शेवटी पडद्यावर त्या ५९१ च्या प्रवचनाचाही खुलासा आहे. सिनेमानं घातलेला डाग सिनेमानंच थोडासा पुसला म्हणायचा.

मग सिनेमा बघायचाच नाही का?

बघा की! मुलाबाळांना घेऊन, शेंगा सोलत बसून बघा. समुद्र दुभंगतो ते दृश्य आजही मुलांचे डोळे विस्फारून टाकतं. फक्त बघून झाल्यावर तीन प्रश्न विचारायची सवय ठेवा. ही बाई मूळ ग्रंथात आहे का? असली तर तिनं तिथे काय केलं? आणि दोष कुणाचा होता, तो इथे कुणाच्या पदरात टाकला?

उत्तरं शोधायला फार वेळही लागत नाही. मोशेच्या जन्मासाठी निर्गमाचे पहिले दोन अध्याय, बथशेबासाठी दुसऱ्या शमुवेलाचे अकरा आणि बारा, मग्दालीयेसाठी लूकाचा आठवा आणि योहानाचा विसावा. दुपारच्या चहाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एकेक वाचून होतो. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या सोप्या मराठीत आहे आणि त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळालेला आहे. गावच्या ग्रंथालयात चौकशी करून पाहा.

आणि ग्रंथ स्वतः उघडून वाचण्यात आपल्याला संकोच वाटायचं कारण नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्यापुढे आहे. संस्कृत शिकलेल्या या विदुषीनं ख्रिस्ती झाल्यावर दुसऱ्यांनी सांगितलेल्या अर्थावर भागवलं नाही. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घालून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून सगळं बायबल साध्या मराठीत उतरवलं, साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं.

आपल्याला नव्या भाषा शिकायच्या नाहीत. दोन अध्याय मराठीत वाचायचे आहेत. पुढच्या वेळी घरात असा एखादा सिनेमा लागला आणि मुलीनं विचारलं, ‘आई, ही बाई वाईट होती का गं?’ तर लगेच हो म्हणू नका. ‘थांब, बघून सांगते,’ म्हणा, आणि खरंच बघा.